एक काठी, एक गळ

मामा,

उद्या मच्छीमार संस्थेच्या खोलीत तुमचा फोटो लावणार आहेत. हार वडवणीहून यायचा आहे, फ्रेम आली आहे. फोटोत तुमच्या डोक्यावर टोपी आहे, जी तुम्ही आयुष्यात दोनदा घातली असेल, तीही दुसऱ्याची. मी म्हटलं, हे आमचे मामा वाटत न्हाईत, हे लग्नातले कुणीतरी पाहुणे वाटतेत. तर पोरं म्हणाली, मग दुसरा हाय का तुमच्याकडं? नव्हता. सुनेनं सासऱ्याबद्दल दोन शब्द बोलावेत असं ठरलंय. आता सून अध्यक्ष आहे, त्यामुळं न्हाई म्हणायची सोय न्हाई. आणि ते दोन शब्द काय असायला पाहिजेत हे सगळ्या गावाला आधीच पाठ आहे. मामांनी सुनेसाठी स्वतःचं सभासदत्व सोडलं, केवढं मोठं मन. मी कागद घेऊन बसले ते भाषण लिहायला. 'आदरणीय' लिहिलं आणि खोडलं, कारण तुम्ही म्हणाला असता, कावून, मी तहसीलदार हाय का? मग नुसतं 'मामा' लिहिलं आणि हे सुरू झालं. भाषण काही होणार न्हाई यातून.

त्या दुष्काळात तलाव कसा झाला होता ते उद्या येणाऱ्या निम्म्या लोकांनी पाहिलेलंच न्हाई. बांधावर उभं राहिलं की खाली सगळी भेगाळलेली माती आणि मधोमध एक डोह, गावच्या लग्नाचा मांडव मावेल एवढा. उरलेलं पाणी पिण्यासाठी राखीव ठेवलं होतं. जाळं ओढलं की गाळ उठतो आणि प्यायचं पाणी गढूळ होतं, म्हणून जाळ्याला बंदी आली. आता जाळं न्हाई म्हटल्यावर मच्छीमार संस्थेनं करायचं काय? तेव्हा तुम्ही उठून नियम मांडला होता. पाऊस पडेपर्यंत फक्त गळानं मासे धरायचे. एका घराची एकच काठी. काठीला एकच दोरी, दोरीला एकच गळ. काठी हातात धरायची, रोवून ठेवायची न्हाई. पोटात अंडी असलेली मासळी लागली तर सोडून द्यायची. आणि जो हे मोडंल त्याचं नाव सभासदांतून कमी करायचं, मग तो कुणी का असंना. भोईवाड्यातले जुने लोक हसले होते म्हणे. त्यांच्या पिढ्या पाण्यात गेलेल्या, आणि आपल्या वस्तीतला माणूस त्यांना मासे धरायचे नियम सांगतोय. पण डोह एवढासाच होता, सगळ्यांना पुरवायचा होता, आणि दुसरं कुणाला काही सुचत नव्हतं. हात वर झाले. तुम्ही घरी आलात तेव्हा काही सांगितलं न्हाई, फक्त भाकर एक जास्त खाल्ली.

मग महिन्याभरातच तुमच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, आणि पहिलं वाक्य जे मला कळलं ते होतं, काठीचं काय? तुमचा लेक पुण्याकडं सेंट्रिंगच्या कामावर, तो पैसे पाठवायचा पण मासे थोडीच पाठवणार होता. घरात तुम्ही, मी आणि मांडीवरची लेक. संस्थेनं सांगितलं, मामा शेजारी बसत असतील तर वार्षिक सभेपर्यंत सुनेनं काठी धरावी, पुढचं सभेत बघू. असं मी पाण्यावर आले. लेकीला शेजारणीकडं ठेवायचं, तुम्हाला एका हातानं धरून बांध उतरवायचा, दुसऱ्या हातात काठी. पहिल्याच दिवशी मी काठी गाळात रोवली आणि पदर सारखा करायला लागले. तुम्ही डाव्या हातानं माझ्या मनगटावर चापट मारलीत. वाकड्या तोंडानं म्हणालात, "खुंटीला ढोर बांधतेत. काठी हातात धरायची. रोवायची आसंल तर घरी जाऊन भाकरी थाप." मला लई राग आला होता. लग्नाला चार वर्षं झाली होती, तोवर तुम्ही मला आवाज चढवून बोलला नव्हता. मी दोन तास काठी मुठीत आवळून बसले. मग तरंगा बुडाला, म्हणजे तो ज्वारीच्या ताटाचा तुकडा, आणि मी झटका मारणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांब. त्याला ठरवू दे." मी थांबले. मासा लागला, बोटभर चिलापी होती, पण तुम्ही असं बघितलंत की मी डोहच उपसला जसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काठी बुडाकडून वीतभर कापलेली, माझ्या उंचीला. धरायच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. एका हातानं ते कसं केलंत, कधी केलंत, मला माहीत न्हाई. मी म्हटलं, मामा, आता ही तुम्हाला आखूड पडंल. तुम्ही म्हणालात, "मला कशाला पडती?" आणि चहा मागितलात. आपल्याकडं असंच असतं, कुणी काही दिलं की लगेच चहा मागतं, म्हणजे समोरच्याला काही बोलायला नको.

आता सचिवांबद्दल बोलते. ते भोईवाड्यातले, तुमच्याच वयाचे, आणि मनानं वाईट न्हाईत हे मी आज म्हणू शकते, तेव्हा म्हणाले नसते. रोज सकाळी डोहाभोवती फेरी मारायचे आणि आमच्यापाशी आले की थांबायचे. "सभासद एक आन् काठी दुसऱ्याच्या हातात, हे कोणत्या नियमात बसतंय मामा? तुमचाच नियम हाय." तुम्ही म्हणायचात, "सभेत इचारा." ते गेले की मी बडबडायचे, आणि तुम्ही म्हणायचात, त्यो बरोबर बोलतोय. मला ते झोंबायचं. कारण सभेत दुसरा विषयही होता. सुनेला तिच्या स्वतःच्या नावानं सभासद करून घ्यायचं की न्हाई. ते तुम्हीच मांडलं होतं, आणि मांडल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. मामा, रेशनकार्डावर तुमचं नाव वर होतं. घर तुमच्या लेकाच्या नावावर. माहेरी माझा सातबाऱ्याशी काही संबंध नव्हता. शाळेच्या हजेरीनंतर माझं नाव कुणी मोठ्यानं वाचलंच नव्हतं. संस्थेच्या यादीत ते येणार होतं, आडनावासकट, आणि सचिव ते वाचणार होते. मी भांडी घासताना मनातल्या मनात ते त्यांच्या आवाजात वाचून बघायचे. हसू नका.

सभा जवळ आली आणि सलग नऊ दिवस आपल्याला काही लागलं न्हाई. ऊन असं की मासे तळाशी बसलेले. शेजारच्यांना थोडंफार मिळत होतं, आपला तरंगा जागचा हलत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हाताऱ्याला मरळीचं कालवण द्या, अंग धरंल. मी तुम्हाला पिठलं वाढत होते आणि तुम्ही ते मरळ असल्यासारखं खात होता. दहाव्या दिवशी सकाळी तुम्ही तोंड धुवायला गेलात तेव्हा मी दोरीला दोन फाटे काढले आणि अजून दोन गळ बांधले. एका दोरीला तीन. वरचा कणकेच्या गोळीचा, खालचे दोन गांडुळाचे. हात थरथरत नव्हते, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, एक दिवस. मरळ लागली की काढून टाकीन. आणि कुणासाठी करतेय, स्वतःसाठी थोडीच. चोरी करताना माणसाला कुणाचं तरी नाव लागतंच, मी तुमचं घेतलं.

त्या दिवशी सकाळी आपण बसलो. मी दोरी टाकली ती तुमच्याकडं पाठ करून. थोड्या वेळानं बांधावर टँकर आला, तेव्हा मी काठी तुमच्या डाव्या हातात दिली आणि हंडा घेऊन वर गेले. रांगेत उभी असताना खाली बघितलं तर सचिव आणि दोन जण डोहाच्या पलीकडच्या टोकाला उभे. एकेकाची दोरी पाण्याबाहेर काढायला लावत होते. गळ मोजत होते. तपासणी. माझी पाळी आली होती, हंडा भरत होता, आणि मी तो अर्धा असतानाच काढून निघाले. मागून कुणीतरी म्हणालं, अगं भरू दे की. मी उतारावरून अशी आले की निम्मं पाणी माझ्याच अंगावर सांडलं. मी पोचले आणि मागोमाग ते आले. सचिव म्हणाले, "काढा बाई दोरी." मी तुमच्या हातातून काठी घेतली आणि उचलली. तरंगा वर आला, शिशाचं वजन वर आलं, आणि खाली एक गळ. एकच. त्यावर गांडूळ सुद्धा होतं. सचिवांनी दोरी बोटात धरून वरपासून खालपर्यंत ओढली आणि सोडली. म्हणाले, "मामाचं घर हाय, इथं काय सापडणार." आणि पुढं गेले.

दोरीला जिथं फाटे होते तिथं दोन बारीक टोकं होती. तुटलेला तंगूस, म्हणजे ती नायलॉनची दोरी, केसासारखा वळतो, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. ही टोकं सरळ होती, कापलेली. गळाच्या डबीत दाढीचं अर्धं पातं असायचं, ते बाहेर पडलं होतं. मी ते उचलून डबीत ठेवलं. तुम्ही पाण्याकडं बघत होता. मी विचारलं, "मामा, घरी जायचं का?" तुम्ही म्हणालात, "अकरा वाजले न्हाईत." आपण रोजच्यासारखे अकरापर्यंत बसलो. घरी आल्यावर बघितलं तर तुमचा खालचा ओठ वाकड्या बाजूला फाटला होता, रक्त सुकलेलं. मी विचारलं, ओठाला काय झालं? म्हणालात, दाढी करताना लागलं. तुमची दाढी चार दिवसांची होती. मी हळद लावली. लुळ्या हाताच्या माणसाला तंगूस कापायचा तर तो दातांत ताणून धरावा लागतो, आणि ज्या बाजूला जाणीव न्हाई तिथं दोरी ओठ कापते तरी कळत न्हाई. हे मला हळद लावताना माहीत होतं. तरी मी विचारलं, आणि तुम्ही सांगितलं, आणि दोघांनी ते मानून घेतलं.

पुढच्या पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलावर माझी जीभ अडकली, न दिलेलं घेणार न्हाई म्हणतो ते. तुम्ही शेजारून मोठ्यानं म्हणालात, नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं, आणि माझं न म्हटलेलं झाकून गेलं. पण त्या आधी सभा झाली. शाळेच्या ओट्यावर सगळे बसले होते, बाया मागं, मी त्यांच्यात. माझा विषय निघायच्या आधीच तुम्ही उठलात. उठायला वेळ लागला, दोघांनी धरलं. म्हणालात, "माझं नाव कमी करा." सचिवांनी वहीतून मान वर केली. "एका घराची एक काठी. सुनेचं नाव लिवा आन् माझं काढा." सचिव म्हणाले, मामा, तुमी संस्था तगवली, तुमचं कशाला काढायचं, वाटल्यास दोन्ही ठेवू, अपवाद म्हणून. तुम्ही म्हणालात, "अपवाद न्हाई. काढा." सचिवांचे डोळे भरून आले. ज्या माणसानं महिनाभर माझी काठी मोजली त्यानं उठून तुम्हाला मिठी मारली आणि माझं नाव वाचलं, आडनावासकट. टाळ्या वाजल्या. बायांनी मला ढोसलं, अगं उठ, जयभीम घाल. मी उठले, जयभीम घातला.

सगळ्या गावाला ते मोठं मन दिसलं. मला दिसलं ते वेगळं होतं. जो नियम मोडंल त्याचं नाव जाईल, असं तुम्हीच मांडलं होतं. आपल्या घरात नियम मोडला गेला होता. कुणाचं तरी नाव जायलाच पाहिजे होतं, तर तुम्ही तुमचं दिलंत. मला एका शब्दानं बोलला न्हाईत. ना त्या दिवशी, ना नंतर. बोलला असता तर बरं झालं असतं, मामा. काठी रोवली म्हणून चापट मारणारा माणूस तीन गळांवर गप्प बसतो, हे मला झेपलं न्हाई.

आणि तुम्ही तिथंच थांबला असता तरी मी कशीबशी जगले असते. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बांध उतरलाच न्हाईत. मी हात धरला तर म्हणालात, "बिगरसभासदानं पाण्यापाशी यायचं न्हाई. तू जा." वर दगडावर बसायचात, टँकरच्या चिखलात. लोक हसायचे, मामा, या की खाली, कोण बघतंय. तुम्ही तिथूनच ओरडायचात, "मी बघतोय." सगळ्यांना गंमत वाटायची. पाऊस पडला, तलाव भरला, जाळी परत आली, गळाचा नियम उठला, तरी तुम्ही खाली आला न्हाईत. पाणीच वर तुमच्यापाशी आलं तेव्हा दगड बदलून आणखी वर बसलात. अशी दोन वर्षं. मरळीचं कालवण मी किती वेळा केलं, तुम्ही भाकर कुस्करून खायचात, तीळ जास्त झाले म्हणायचात, पुन्हा वाढ म्हणायचात. माझ्यावर तुमचा राग नव्हता, हे मला रोज ताटात दिसत होतं. त्यानं जास्तच जड व्हायचं. एक दिवस सभेत उभं राहून मी म्हणाले असते की तीन गळ मी बांधले होते, तर माझं नाव गेलं असतं आणि तुमचं परत आलं असतं. तुम्ही पाण्यापाशी बसला असता. एवढंच होतं करायचं. दर वर्षी सभा आली की मी ठरवायचे, आणि सचिव यादी वाचायचे, माझं नाव यायचं, आणि मी 'हजर' म्हणायचे. तिसऱ्या वर्षी सभेआधी तुम्ही गेलात. मला रडताना बघून बाया म्हणाल्या, बापच होता तिचा. होताच.

हे पत्र टाकायचं कुठं, आणि वाचायचं कुणी? तुमच्या लेकानंही हे ऐकलेलं न्हाई. उद्या मी उभी राहीन आणि म्हणेन की मामा नियमाचे लई पक्के होते, आणि खाली बसेन. लोकांना वाटंल बाईला गहिवरून आलं. फोटो लागंल, टोपीवाला.

एक राहिलं. वर मी लिहिलं की मी पोचले आणि मागोमाग ते आले. ते तसंच झालं, पण मी आधीच पोचले होते. निम्म्या उतारावर ती बाभळ होती तिथं मी थांबले, कारण तुम्ही काठी मांडीखाली दाबून दोरी दातांत धरली होती आणि डाव्या हातात पातं होतं. पातं दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा तुम्ही ते चिखलातून चाचपून उचललंत. मी दहा पावलांवर होते, दोन्ही हात धड होते, आणि मी आले न्हाई. तुमचं काम उरकल्यावर मुद्दाम हंड्यावर बांगड्या वाजवत आले, म्हणजे तुम्हाला वाटावं की मी काही बघितलं न्हाई. तुमची लाज राखायला थांबले असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं न्हाई, मामा. दोरी माझ्या हातात सापडली तर माझं यादीत येणारं नाव जाईल, म्हणून मी थांबले होते.